देवळालीच्या पेटीतल्या तीन फेल्ट हॅट : साल कसं काढायचं?

लामरोडकर
देवळाली कॅम्पात एका जुन्या बंगल्याची आवराआवर चालू आहे. पत्र्याच्या पेटीत तीन फेल्ट (लोकर किंवा केस दाबून केलेलं कापड) हॅट निघाल्या. तिन्ही माझ्याकडे आल्यात, आणि प्रत्येकीचं नीट टिपण करून ठेवायचं आहे.

पहिली : करडी, मऊ फेल्ट. ब्रिम, म्हणजे भोवतालची कड, ५४ मिमी. काळी रिबन, रुंदी ४५ मिमी. आत चामड्याची घामपट्टी, तिच्यावर सोनेरी अक्षरं बरीच पुसलेली. साटीनचं अस्तर.

दुसरी : खाकी, रुंद ब्रिमची लष्करी हॅट. एका बाजूचा ब्रिम वर दुमडून बटणाने अडकवता येतो. भोवती कापडी पट्टा गुंडाळलेला. घामपट्टीवर बाणाची खूण आणि खाली १९४३.

तिसरी : काळी, कडक, गोल डोक्याची बोलर. वरच्या भागावर पांढुरके ढग.

कुठल्या काळातल्या असतील? पावसाळा तोंडावर आहे, त्यामुळे साफ करून लवकर ठेवायच्याही आहेत.

गोदाकाठ
साफसफाई आत्ता अजिबात करू नका. ब्रशसुद्धा नको. हॅटचं साल ज्या गोष्टींवरून निघतं त्यातल्या निम्म्या गोष्टी कागदाच्या असतात आणि त्या घामपट्टीच्या मागे, फेल्टला नुसत्या टेकून किंवा जेमतेम चिकटून असतात. मापाची चिठ्ठी, किमतीचं तिकीट, अमेरिकन हॅट असेल तर कामगार संघटनेचं लेबल. ओल्या फडक्याचा एक हात फिरला की ती चिठ्ठी लगदा होते.

घामपट्टी उलटायची पद्धत अशी. टेबलावर जाड टर्किश टॉवेलची गुंडाळी करून खळगा करा आणि हॅट त्यात उलटी, माथा खाली करून ठेवा. पट्टीचा जोड मागच्या बाजूला असतो, तिथे बहुतेक वेळा बारीकशी बो असते. सुरुवात तिथूनच करा, कारण कपाळाकडचा भाग घामाने सगळ्यांत आधी मेलेला असतो. दोन्ही अंगठे पट्टीच्या वरच्या कडेखाली घालून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर एवढंच बाहेर वळवा. चामडं वळलं तर पुढे सरका. बोटाला तांबूस भुकटी लागली किंवा बारीक कडकड ऐकू आली तर तिथेच थांबा. मग पट्टी न उलटता तिच्यामागे दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा आणि मोबाईलचा टॉर्च घालून बघायचं.

फोटो काढताना प्रत्येक वेळी शेजारी मोजपट्टी हवी.

फेल्टप्रेमी
पहिल्या हॅटची रिबन ४५ मिमी म्हणजे चांगली पावणेदोन इंच. एवढ्या रुंद रिबनी १९३० ते ५० च्या दरम्यानच्या. साठच्या दशकात ब्रिम आणि रिबन दोन्ही बारीक झाल्या. माझ्या मते ही चाळीसच्या दशकातली.

मोजपट्टी
फेल्टप्रेमी, रुंदीचा कल तुम्ही सांगता तसाच आहे, पण एकट्या रुंदीवर दशक ठरवायला मी तयार नाही. रिबन हा हॅटचा सगळ्यांत सहज बदलला जाणारा भाग. पूर्वी हॅट धुऊन, नव्याने साच्यावर चढवून देणारे कारागीर सर्रास नवी रिबन लावून देत. शिवाय ब्रिम ५४ मिमी आणि रिबन ४५ मिमी ही जोडी मला खटकते. एवढ्या रुंद रिबनीबरोबर ब्रिमही सहसा ६० मिमीच्या पुढे असतो.

लामरोडकर, तीन गोष्टी तपासा.

एक, रिबनीखालची सावली. रिबन काढायची नाही. बोच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे उजवीकडे, रिबनीची वरची कड नखाने जरा खाली दाबा. फेल्ट वर्षानुवर्षं उजेडात उडत जातं आणि रिबनीखाली मूळ रंग शिल्लक राहतो. गडद पट्टा रिबनीइतकाच रुंद असेल तर रिबन मूळची. पट्टा कमी रुंद असेल तर आधी दुसरी, बारीक रिबन होती.

दोन, शिवणीची भोकं. घामपट्टी फेल्टला जिथे शिवली आहे तिथे दहापट भिंगाने बघा. सराफ वापरतात ते भिंग पुरतं. टाक्यांच्या भोकांची एकच ओळ हवी. शेजारी रिकाम्या भोकांची दुसरी ओळ दिसली की पट्टी बदललेली आहे, आणि मग पट्टीवर छापलेलं काहीही हॅटचं साल सांगायला उपयोगाचं नाही.

तीन, दोरा. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारा. निळसर पांढरा लखलखणारा दोरा म्हणजे त्यात चमक वाढवणारं रसायन आहे. ते दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आलं. कापडी टोपीच्या बाबतीत हा पुरावा कच्चा, कारण साबणाच्या पावडरीतूनही तीच चमक येते. फेल्ट हॅट कोणी साबणात बुचकळत नाही, म्हणून इथे तो बराच पक्का.

गोदाकाठ
मोजपट्टींच्या म्हणण्यामागचा नियम मोकळा करून सांगतो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. हॅट तिच्या सगळ्यांत तरुण भागाहून जुनी धरता येत नाही. फेल्ट १९३५ चं वाटलं आणि घामपट्टीवरची खूण १९५५ ची असली, तर हॅट १९५५ ची. मात्र तो तरुण भाग मूळचा असला पाहिजे. म्हणून आधी शिवण वाचायची, मग अक्षरं, आणि फॅशन सगळ्यांत शेवटी.

वाचक_पंचवटी
अक्षरं म्हणजे नेमकं काय बघायचं? सगळ्याच जुन्या हॅटमध्ये दुकानाचं नाव असतं, पण त्यावरून साल कसं कळणार?

जुने_कागद
नावापेक्षा नावाच्या आजूबाजूला जे असतं ते बोलतं. आपल्याकडे सापडणाऱ्या हॅट बहुतेक मुंबईच्या दुकानांतून आलेल्या. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स, व्हाइटअवे लेडलॉ अशी मोठी दुकानं होती, आणि फोर्टात छोटीही पुष्कळ. त्यांच्या तिकिटांवर चार गोष्टी शोधा.

किंमत. रुपये-आणे-पै अशी तीन आकड्यांत, मध्ये आडव्या रेघा देऊन लिहिली असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची पद्धत. त्या दिवशी दशमान नाणी आली. आणे त्यानंतरही काही काळ चलनात होते, म्हणून एखाद-दुसऱ्या वर्षाची सूट ठेवा. 'नये पैसे' असा शब्द दिसला तर १९५७ ते १९६४, कारण १९६४ मध्ये 'नये' गळून नुसतं 'पैसे' राहिलं.

पत्ता. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. 'बॉम्बे १' असा एक-दोन आकडी विभाग असेल तर बहुतेक त्याआधीची. 'बहुतेक' एवढ्यासाठी की जुनी छापील लेबलं संपेपर्यंत वापरायची आपल्याकडे रीतच होती. अमेरिकन पत्त्यात शहराच्या नावानंतर दोन आकडी विभाग १९४३ पासून आणि पाच आकडी झिपकोड १९६३ पासून. इंग्लंडमधलं किमतीचं तिकीट शिलिंग-पेन्सचं असेल तर १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीचं.

राजचिन्ह. इंग्लिश कंपनीला राजघराण्याची सनद असेल तर सिंहाच्या चिन्हाखाली राजाचं नाव येतं, आणि ते फार नेमकं असतं. पाचवा जॉर्ज २० जानेवारी १९३६ ला गेला, सहावा जॉर्ज ६ फेब्रुवारी १९५२ ला. नावाआधी 'द लेट किंग' असेल तर लेबल त्या मृत्यूनंतरचं. एवढ्या एका शब्दाने कधीकधी वीस वर्षांचा घोळ मिटतो.

देशाचं नाव. अमेरिकेत आयात मालावर मूळ देश लिहिणं १८९१ पासून सक्तीचं झालं. त्यामुळे देशाचं नाव असणं म्हणजे जुनेपणाचा पुरावा नव्हे, उलट त्या तारखेनंतरचा असल्याचा पुरावा.

फेल्टप्रेमी
अमेरिकन हॅटची भर घालतो, कारण स्टेटसन अधूनमधून इकडेही दिसते. कंपनी फिलाडेल्फियात १८६५ मध्ये सुरू झाली आणि तिथला कारखाना १९७१ मध्ये बंद पडला. पुढे त्या नावाने परवान्यावर दुसऱ्यांनी हॅट केल्या. म्हणून छापात फिलाडेल्फिया दिसलं तर १९७१ पर्यंतची असण्याची शक्यता मोठी. घामपट्टीवरच्या एक्स खुणांवरून मात्र वय काढू नका. एक्स हा दर्जाचा शिक्का. त्याचा भाव काळाबरोबर घसरत गेला, जुने तीन एक्स आणि आजचे तीन एक्स एक नव्हेत.

कामगार संघटनेचं कागदी लेबल मिळालं तर सोन्याहून पिवळं. 'युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका' असेल तर १८९६ ते १९३४. १९३४ मध्ये कॅप आणि बायकांच्या टोप्या करणाऱ्या कामगारांची संघटना त्यात मिसळली आणि नाव लांबलं, त्यात 'कॅप अँड मिलिनरी वर्कर्स' आलं. तो लांब मजकूर १९८३ पर्यंत.

बोर्सालिनो : अलेस्सांद्रिया, इटली, १८५७ पासून. या नावाच्या नकला भरपूर. नुसतं नाव वाचून हुरळू नये, छापाची बारीक अक्षरं भिंगाखाली कडेने स्वच्छ आहेत का ते बघावं.

लामरोडकर
सांगितल्याप्रमाणे सगळं बघितलं.

करड्या हॅटची घामपट्टी मागून निम्मी उलटली, पुढे कपाळाकडे भुकटी निघाली म्हणून थांबलो. भोकांची एकच ओळ. पट्टीमागे दोन कागद. एकावर ७ हा आकडा. दुसरं तिकीट पेन्सिलीने लिहिलेलं : २७-८-०. सोनेरी छाप टॉर्च आडवा धरल्यावर वाचता आला. लंडनच्या कंपनीचं नाव, राजचिन्ह आणि खाली 'हॅटर्स टू द लेट किंग जॉर्ज सिक्स्थ'.

रिबनीखाली गडद पट्टा आहे, पण तो खालून ३२ मिमीपर्यंतच. त्याच्या वर रिबनीखालीसुद्धा फेल्ट बाहेरच्यासारखंच उडालेलं. रिबनीचा दोरा टॉर्चमध्ये निळा पेटतो. घामपट्टीचा दोरा पेटत नाही.

मोजपट्टी
वा, फार नीट बघितलंत. मग हॅट स्वतःच बोलली. घामपट्टी मूळची, कारण भोकांची एकच ओळ. तिच्यावर 'लेट किंग जॉर्ज सिक्स्थ', म्हणजे फेब्रुवारी १९५२ नंतरची. तिकीट आण्यांत, म्हणजे १९५७-५८ च्या पुढे नाही. मूळ रिबन ३२ मिमी, आणि ५४ मिमीच्या ब्रिमला तीच शोभते. आत्ताची रुंद काळी रिबन नंतर कोणीतरी लावली.

फेल्टप्रेमी
मान्य, चाळीसचं दशक मागे घेतो. सावली बघायचं मला सुचलं नव्हतं.

जुने_कागद
एक शंका. तिकीट दुसऱ्या हॅटमधून इकडे आलं नसेल कशावरून? सुटा कागद आहे.

गोदाकाठ
शंका रास्त आहे. लामरोडकर, तिकीट जिथे टेकलं होतं तिथल्या चामड्याच्या मागच्या बाजूला त्याच आकाराचा फिकट चौकोन आहे का बघा. चामड्यातलं तेल आणि टॅनिन कागदात उतरतं, कागदाखालची जागा वेगळी राहते. चौकोन जुळला तर तिकीट तिथलंच.

लामरोडकर
चौकोन आहे. तिकिटाचा एक कोपरा दुमडलेला होता, चौकोनाचाही तोच कोपरा तुटका दिसतो.

गोदाकाठ
मग १९५२ ते १९५८. याहून बारीक काढायचा मोह नको.

मापाचंही बघून टाकू. इंग्लिश ७ म्हणजे अमेरिकन ७⅛, म्हणजे घेर ५७ सेंमी. इंग्लिश आकडा अमेरिकनपेक्षा नेहमी एक अष्टमांशाने कमी असतो. युरोपातल्या हॅटवर सरळ सेंटीमीटर असतात. शिवणटेप उभी धरून घामपट्टीच्या शिवणीलगत आतून फिरवा. आकडा ५७ च्या आसपास आला तर चामडं आक्रसलेलं नाही. ५५ आला तर पट्टीने फेल्टला आत ओढलंय, आणि हॅट ताणण्याच्या लाकडी यंत्राने ती ताणायला गेलात तर पट्टी टाक्यांच्या रेषेवर पोस्टाच्या तिकिटासारखी फाटत जाईल.

वाचक_पंचवटी
हे फेल्ट लोकरीचं की केसांचं, ते कसं ओळखायचं? जाळून बघतात म्हणे.

मोजपट्टी
जाळून काहीच कळत नाही. लोकर काय आणि सशाचे केस काय, दोन्हींना केस जळाल्याचाच वास येतो आणि दोन्हींची चुरगळणारी काळी राख होते. वितळून मणी झाला तर तेवढं कृत्रिम धाग्याचं आहे हे कळेल. एवढ्यासाठी हॅटचा तुकडा का घालवायचा?

भिंगाखाली बघा. चांगल्या हॅटचं फेल्ट ससा, रानससा किंवा बीव्हरच्या बारीक आतल्या लवेचं असतं. लव इतकी बारीक की सुटे तंतू दिसत नाहीत, एका दिशेने बसलेली मखमल दिसते. लोकरीच्या फेल्टमध्ये जाडसर, कुरळे तंतू वेगवेगळे उभे दिसतात आणि पृष्ठभाग मंद असतो. हातालाही फरक लागतो. लवेचं फेल्ट पातळ असूनही घट्ट असतं, दुमडून सोडलं की हळूहळू पूर्वपदावर येतं. लोकरीचं जाड असूनही ढिलं, भिजलं की आकसतं आणि आकार सोडतं.

वस्त्रसंवर्धन
इथे एक इशारा, आणि तो मनावर घ्या. ही लव एकमेकांत गुंतावी म्हणून तिला पाऱ्याचं नायट्रेट लावत. त्याने टोकं गाजरी रंगाची होत. हॅट कारागिरांचे हात थरथरायचे, दात पडायचे, मन बिघडायचं ते यानेच. अमेरिकेत ही पद्धत १९४१ च्या डिसेंबरमध्ये बंद केली. त्यातला पारा जुन्या फेल्टमध्ये आजही सापडतो. कुठल्याही देशाची जुनी हॅट असो, पारा आहे असं धरूनच हाताळा : नायट्राइलचे हातमोजे, घासताना मास्क, काम गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी, मुलांना डोक्यावर घालायला द्यायची नाही. वाफ देताना तर खोली बंद नकोच.

आता साफसफाई. करडीपासून सुरू करा, बाकीच्या दोन थांबू शकतात.

मऊ केसांचा ब्रश, फिक्या हॅटला एक आणि गडद हॅटला वेगळा. वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने, लवेच्या बसणीबरोबर. धूळ काढायला एवढंच. ब्रश ब्रिमच्या कडेला पोचला की दाब सोडा, कडेची लव आधी जाते.

रिबनीच्या वर घामाचा तेलकट पट्टा असेल तर मुलतानी माती. कोरडी, वस्त्रगाळ केलेली, दोन चमचे त्या जागेवर पसरायची, बोटाने हलकी थोपटायची, चोळायची नाही, रात्रभर ठेवायची. सकाळी ब्रशने झाडायची. एकदा केल्यावर निम्मा डाग जातो, पुन्हा एकदा केलं की अजून थोडा. तिसऱ्यांदा करू नये, माती लवेच्या मुळाशी जाऊन बसते. काळ्या हॅटला ही युक्ती वापरू नका, राखी झाक उरते आणि ती निघत नाही. पेट्रोलने धुण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आगीचा धोका आहेच, शिवाय घामपट्टीतलं उरलंसुरलं तेल निघून चामडं तडकतं.

पोचे काढायला किटलीची वाफ. हॅट नळीपासून २५ सेंमी लांब, एका वेळी पाच ते दहा सेकंद, मग हातमोजे घातलेल्या बोटांनी आतून हलकं ढकलायचं आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचं. आकार गार होताना बसतो, गरम असताना नाही. बुडाच्या तीन सेंटीमीटरांवर वाफ जाऊ द्यायची नाही, कारण त्याच्या आत घामपट्टी आहे. जुनं चामडं वाफेत काही क्षणांत आक्रसून काळं, काचेसारखं कडक होतं. त्यावर उपाय नाही.

वाचक_पंचवटी
भुकटी होणाऱ्या पट्टीला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलं तर?

वस्त्रसंवर्धन
नाही. ही भुकटी कोरडेपणाची नाही. चामड्यात आम्ल तयार होऊन त्याचे तंतूच तुटलेले असतात. तेलाने ते जुळत नाहीत. उलट तेल फेल्टमध्ये उतरून बाहेर काळपट कडं उमटतं. पाणी लावलं तर चामडं काळं पडतं. संग्रहालयात अशा चामड्याला हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचं सुमारे दोन टक्क्यांचं अल्कोहोलमधलं द्रावण मऊ ब्रशने देतात, भुकटी बांधली जाते. पण सोनेरी छापावर ते न तपासता लावायचं नाही, आणि हेच अल्कोहोल फेल्टला लागलं तर दुसरी अडचण. ती तुमच्या बोलरमध्ये दिसतेच आहे. घरी करायचं असेल तर एवढंच : पट्टी आणि फेल्ट यांच्यामध्ये आम्लमुक्त टिश्यूची पट्टी सरकवून ठेवा आणि हॅट घालू नका.

लामरोडकर
बोलरवरचे पांढुरके ढग अल्कोहोलचे आहेत?

वस्त्रसंवर्धन
फोटोवरून तसंच दिसतं. बुरशी असती तर ठिपके असते, भिंगाखाली कापसासारखी लव दिसली असती आणि कोरड्या ब्रशने निदान थोडी निघाली असती. हे गोलसर, कड असलेले ढग आहेत, फडक्याच्या फिरकीने झालेले. बोलरचा कडकपणा लाखेचा. आपल्याच देशातली लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फेल्टला पाजत. कोणी स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसलं की ती लाख विरघळून वर येते आणि वाळताना पांढरी धरते. पुन्हा स्पिरिट लावून ती काढायला गेलं की ढग पसरतो. तसंच राहू द्या. याच कारणाने बोलरला वाफही नको, गरम झाली की लाख मऊ पडते आणि ब्रिम खाली बसतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर ठेवूच नका.

फेल्टप्रेमी
बोलरचं साल? हा प्रकार १८४९ पासून आहे आणि आकार फार बदललेला नाही. लेबल नसेल तर मी हात टेकतो.

जुने_कागद
लेबल नाही, अस्तर नाही, म्हणजे टिपणात 'विसाव्या शतकाचा पूर्वार्ध, अंदाजे' एवढंच लिहा. ओढूनताणून दशक लिहू नका. पुढे कोणी ते पक्कं समजून उचलतं.

आता खाकी हॅट. देवळाली ब्रिटिश फौजेचं मोठं ठाणं. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत सैनिक इथे थांबत, आणि इंग्रजीत देवळालीच्या नावावरून वेडाला शब्दच पडला. स्वातंत्र्यानंतर तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र इथे आलं. त्यामुळे लष्करी हॅट देवळालीत निघणं अगदी स्वाभाविक. बाणाची खूण ब्रिटिश सरकारी मालाची, आणि १९४३ ला ब्रह्मदेशच्या आघाडीवर अशाच रुंद ब्रिमच्या हॅट वापरात होत्या. सगळं जुळतं, आणि नेमकं म्हणूनच शिक्का तपासा. साधी जुनी खाकी हॅट आणि १९४३ चा बाण असलेली हॅट यांच्या किमतीत फरक पडतो, आणि शिक्का मारायला रबराचा ठसा पुरतो.

मोजपट्टी
शिक्का खरा की नंतरचा, हे भेगा सांगतात. चामडं नवं असताना शिक्का मारला असेल तर पुढे चामडं तडकताना शाईही तडकते. भेगेच्या दोन्ही काठांवर शाई, आणि भेगेच्या तळाशी कोरं, फिकं चामडं. जुन्या, तडकलेल्या चामड्यावर नंतर शिक्का मारला असेल तर शाई भेगेत उतरते, तळ काळा होतो आणि भेगेच्या रेषेने ती कोळ्याच्या पायांसारखी बाजूला पसरते. शिक्क्याची बाहेरची कड जिथे भेगेला छेदते तिथला एकच बिंदू भिंगाखाली नीट बघा. बाकी शिक्क्याकडे बघायची गरज नाही.

कापडी पट्ट्याच्या घड्या उलगडू नका. पण त्याच्या टोकाचा दोरा टॉर्चखाली धरा.

लामरोडकर
बाणाच्या डाव्या पायाला एक भेग छेदते. भेगेच्या तळाशी शाई आहे, आणि भेगेने साधारण दोन मिमी खाली ओघळली आहे. '४' च्या बाजूलाही तसंच. पट्ट्याचा दोरा पेटत नाही, घामपट्टीचाही नाही.

मोजपट्टी
म्हणजे हॅट जुनी, शिक्का नंतरचा. वाईट वाटू देऊ नका. हॅट खोटी नाही, तिच्यावर लिहिलेलं साल खोटं आहे. दोरे न पेटणं जुनेपणाशी सुसंगत आहे, सिद्ध करत नाही. साध्या सुती दोऱ्यात ते रसायन आजही नसू शकतं.

जुने_कागद
शिक्का पुसायला जाऊ नका हं. नंतरचा असला तरी तो आता त्या वस्तूचा भाग आहे. टिपणात 'शिक्का भेगांनंतर मारलेला' हे कारणासकट लिहा.

गोदाकाठ
आता ठेवायचं कसं. नाशिकला खरा शत्रू जून ते सप्टेंबरची ओल आणि त्यामागून येणारी कसर.

कसर आधी. पतंग काही खात नाही, खाते ती अळी, आणि तिला अंधार आणि घामाचा मळ आवडतो. म्हणून बोच्या मागे, रिबनीखाली आणि घामपट्टीच्या घडीत बघा. पांढरट जाळीच्या नळ्या किंवा वाळूसारखे कण दिसले तर, आणि न दिसले तरी नव्याने घरात आलेल्या प्रत्येक हॅटला, थंडीचा उपाय करा. क्राऊनमध्ये, म्हणजे हॅटच्या डोक्याच्या पोकळ भागात, टिश्यूचे सैल गोळे, मग पॉलिथिनच्या दोन पिशव्या, हवा काढून चिकटपट्टीने बंद. उणे १८ अंशाला पूर्ण १४ दिवस. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ थंड फेल्टवर पाणी होऊन बसते. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बऱ्याचदा उणे १८ पर्यंत जात नाही. आधी आत थर्मामीटर ठेवून एक रात्र बघा. उणे आठ-दहावर अळ्या मरतीलच असं नाही.

डांबरगोळ्या मी वापरत नाही. वास वर्षानुवर्षं जात नाही, वाफ आपल्यालाही बाधते आणि बंद खोक्यात तिचे स्फटिक फेल्टवर धरतात. कडुलिंबाचा पाला घालायचा तर त्याच्या भरवशावर राहू नका, आणि पाला फेल्टला टेकू देऊ नका, त्याचा डाग पडतो.

वस्त्रसंवर्धन
ठेवण्याबद्दल थोडं. हॅट ब्रिमवर टेकवून ठेवली की ब्रिमचा बाक जातो. क्राऊनवर उलटी ठेवली तर ब्रिम वाचतो, पण वर्षानुवर्षं ठेवायची तर क्राऊनचा माथा चेपतो. सगळ्यांत चांगलं म्हणजे आतून आधार : पुठ्ठ्याची नळी किंवा फोमचा गोळा, त्यावर धुतलेलं पांढरं सुती कापड, उंची इतकी की ब्रिम खोक्याच्या तळापासून दोन बोटं वर तरंगेल. टिश्यू घेताना आम्लमुक्त आणि तेही चुना न घातलेला मागा. चुना घातलेला कागदपत्रांना चांगला, केस आणि लोकरीला नाही.

खोकं बाहेरच्या भिंतीला लागून नको. जुन्या दगडी आणि विटांच्या भिंती पावसात घाम धरतात. लोखंडी कपाट असेल तर खोकं मधल्या फळीवर, मागच्या पत्र्यापासून चार बोटं पुढे. आर्द्रतेचं छोटं डिजिटल यंत्र खोक्याजवळ ठेवा. ४५ ते ५५ टक्के उत्तम, ६५ च्या वर टिकून राहिलं तर बुरशी धरायला लागते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाल तर पावसाळ्यात दर पंधरवड्याला तापवून पुन्हा कोरड्या करा. एकदा भरल्या की त्यांचा उपयोग शून्य.

लामरोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. करडीसाठी टिपण असं केलंय, चुकलं असेल तर सांगा :

'पुरुषांची मऊ फेल्ट हॅट, करडी, लवेचं फेल्ट. माप इंग्लिश ७, आतला घेर ५६.५ सेंमी. ब्रिम ५४ मिमी. घामपट्टी मूळची, पुढील भाग भुकटी होणारा. काळी रिबन ४५ मिमी नंतरची, मूळ रिबन ३२ मिमी. काळ : १९५२ ते १९५८. आधार : राजचिन्हाखालचा मजकूर, आण्यांतलं तिकीट.'

जुने_कागद
उत्तम. 'देवळाली कॅम्प, बंगल्यातली पत्र्याची पेटी' हेही लिहा. हॅट कुठे निघाली हे नंतर कुठल्याच भिंगातून दिसत नाही. तिकीट परत पट्टीमागे घालू नका, चामड्याचं आम्ल त्याला खातंय. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालून खोक्यातच ठेवा. आणि टिपणाचं कार्ड पेन्सिलीने लिहा, पावसाळ्यात शाई उतरते.